हौश्याच्या पोटात काय काय होतं

शालन आत्याच्या पार्लरला नाव होतं, पाटीही होती, पण ते नाव कुणी घेत नसे. लोणावळ्यात बाजारामागच्या बोळात पिठाच्या गिरणीवर एक खोली, लाकडी जिन्याने वर चढायचं, खोलीच्या मधोमध फुलाफुलांचा पडदा. पडद्याच्या पुढे पार्लर आणि मागे आत्याचा संसार, म्हणजे एक स्टोव्ह, एक कॉट, पाण्याचं पिंप आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी. आत्या ही भाऊंची, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवऱ्याला सोडून ती माघारी आली तेव्हा आंदर मावळातल्या आमच्या गावाने तिच्यासाठी खुरपं काढून ठेवलं होतं. तिने पुण्याला जाऊन सहा महिन्यांचा कोर्स केला आणि लोणावळ्यात आरसा टांगला. लोक पैसे देऊन भुवया कोरून घेतात हे माझ्या आईला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. "मी फुकट उपटून देते," ती म्हणायची, "हितं कोन येतंय का बघा."

खाली गिरणी सुरू झाली की वरची जमीन थरथरायची, भिंत थरथरायची आणि आरशातली बाईही थरथरायची. आत्या दोरा दातात धरून गिरणी थांबायची वाट बघत उभी राहायची, कारण अशा वेळी कोरलेल्या भुवईची ती हमी देत नसे. लांबून घाट चढून आलेल्या इंजिनांच्या दमलेल्या शिट्ट्या यायच्या. वासांचं तर विचारू नका. ताज्या दळणाचा, भिजवलेल्या मेंदीचा, केसांच्या डायचा आणि पडद्यामागे शिजणाऱ्या आमच्या मुगाच्या खिचडीवर पडलेल्या लसणाच्या फोडणीचा, असे चारही वास एकाच खिडकीतून बाहेर जायला धडपडत असत. गिऱ्हाईक बाई डोळे मिटून म्हणायची, "शालन, आज लसूण?" आणि आत्या म्हणायची, "नवीन फेशियल आहे." आजही लग्नाच्या हॉलमध्ये कुणाच्या ताज्या रंगवलेल्या केसांचा वास आला की मला भूक लागते. हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

दर पंधरा दिवसांनी एक बाई केस काळे करायला यायच्या. मुंबईच्या होत्या, पण त्यांचा बंगला होता तुंगार्लीला. आम्ही त्यांना आपसात डायवाल्या बाई म्हणायचो. डाय लावून अर्धा तास बसावं लागतं, आणि त्या अर्ध्या तासात त्यांना बोलायला कुणीतरी लागायचं. मी सातवीची परीक्षा देऊन आलेली, स्वतःला बऱ्यापैकी विद्वान समजणारी मुलगी होते. एकदा त्यांनी विचारलं, तुला काय आवडतं, मी म्हटलं चित्रं, त्या म्हणाल्या काढून दाखव. मी काढलं. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी आणि आकाशात बरोबर-चुकीच्या खुणांसारखे सहा पक्षी. आमच्या घरामागे खरेखुरे डोंगर होते. ते त्रिकोणी नव्हते आणि त्यांच्यामधून सूर्य कधीच उगवत नव्हता, तो गोठ्याच्या बाजूने उगवायचा. पण चित्रात डोंगर असेच काढतात अशी माझी खात्री होती. बाईंनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. त्यांच्या डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली होती, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळेना. "रेघ छान आहे," त्या म्हणाल्या, "पण हे तू कुठे पाहिलंस?" मी घाईघाईने सातवा पक्षी काढला.

पुढच्या खेपेला त्यांनी सुतळीने बांधलेली दहा-बारा पुस्तकं आणली. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं. माझा अपमान झाला. सातवी पास झालेल्या मुलीला कुणी जाड पानांची, पानाला एक ओळ असलेली पुस्तकं देतं का? त्यातून ती इंग्रजीत. पण दुपारी गिरणी बंद असते, आत्या कॉटवर आडवी होते, आणि बोळात एक कुत्रंही हलत नाही. मी सुतळी सोडली. एका चित्रकाराने मोठा मासा काढला होता आणि माशाच्या पोटात त्याने गिळलेलं अख्खं गाव होतं. जिने, दिवे, वाळत घातलेले कपडे, आणि काट्याला टेकून बटाटे सोलत बसलेली एक म्हातारी. दुसऱ्या पुस्तकातल्या माणसांच्या डोक्यावर केस नव्हतेच, ज्याच्या मनात जे असेल ते उगवलेलं होतं. कुणाच्या डोक्यावर जंगल, कुणाच्या डोक्यावर भांडणारी दोन मांजरं. पार्लरमध्ये बसून ते पुस्तक बघण्यात जी मजा होती ती दुसरीकडे कुठे आली नसती. आणखी एका बाईने बसच्या फाटक्या तिकिटांचे पक्षी चिकटवले होते, आणि त्यांच्या पंखांवर तिकिटाचे आकडे तसेच होते. मी उठून बसले. मला वाटत होतं चित्रं काढणारी माणसं मरून गेलेली असतात आणि त्यांचे फोटो शाळेत हार घालून लावतात. ही माणसं जिवंत होती. पुस्तकाच्या मागे त्यांचे फोटो होते, एकीच्या गालाला रंग लागलेला होता, एकाच्या शर्टाचं बटण चुकलेलं होतं.

माझी मुलगी आता फोनवर बोट फिरवत रोज असे पन्नास चित्रकार पाहते. "आई, हा बघ, फक्त भिंतींच्या भेगांमध्ये माणसं काढतो." मी बघते. छान असतं. पण मी त्या डझनभर पुस्तकांवर अख्खी सुट्टी काढली. मासा तर मी इतक्या वेळा पाहिला की त्या म्हातारीने किती बटाटे सोललेत ते मी अजून सांगू शकते. सात.

काही पुस्तकांच्या शेवटी मुलांसाठी उद्योग दिलेले असायचे. डायवाल्या बाई ते मला मराठीत सांगायच्या. एका वस्तूच्या सावलीभोवती तासातासाला खडूने रेघ ओढायची आणि संध्याकाळी काय तयार झालं ते बघायचं. किंवा घरातल्या कुठल्याही एका वस्तूला डोळे काढायचे आणि घरातली माणसं वेगळं वागतात का ते पाहायचं. मी आत्याच्या सगळ्या कंगव्यांना डोळे काढले. मग कोल्ड क्रीमने आरशावर एक मुकुट आणि खाली झुपकेदार मिशी काढली, अशी की खुर्चीत बसणाऱ्या बाईचा चेहरा बरोबर मधोमध यावा. पहिली बाई बसली ती आमदारांच्या नात्यातली होती. आत्याने तिच्या खांद्यावरून आरशात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ती बाई हळूच मान डावीकडे करून म्हणाली, "मिशी सासऱ्यांवर गेलीय." त्या दिवसापासून आत्याने आरशाचा वरचा कोपरा मला देऊन टाकला. फक्त मिशी काढायची नाही अशी अट होती.

जूनमध्ये मी गावी परतले ती अशी बिघडून. वहीच्या समासात, चुलीमागच्या भिंतीवर, कणकेच्या गोळ्यावर, जिथे मिळेल तिथे मी काढत होते. आणि मग पोळा आला.

आमच्याकडे पोळा भाद्रपदाच्या अमावास्येला. त्या दिवशी बैलांना धुवायचं, शिंगं रंगवायची, अंगावर बांगडी रंगात बुडवून गोल ठसे मारायचे, हाताचे पंजे उठवायचे. मावळातला पाऊस तोवर गेलेला नसतो. बैल वेशीपाशी जाईपर्यंत एक सर येते आणि रंग पोटावरून ओघळून खाली. दरवर्षी आम्ही पांढरे बैल घेऊन निघायचो आणि गुलाबी चिखल घेऊन परत यायचो. यात कुणाला काही वाटत नसे. मला त्या वर्षी वाटलं. पुस्तकांतली माणसं म्हणायची, अडचण असेल तिथेच चित्र असतं. आणि न धुतला जाणारा रंग कुठे मिळतो हे सगळ्या आंदर मावळात फक्त मला ठाऊक होतं.

आत्या पोळ्याच्या दोन दिवस आधी घरी आली तेव्हा मी तिला सांगितलं. केसांचा काळा डाय. बैलाच्या अंगावर केसच असतात. आत्या भाकरी थापता थापता थांबली. मला वाटलं ओरडणार. पण धंद्याचा प्रश्न निघाला की ती वेगळीच बाई व्हायची. "आधी कानामागं थोडा लावायचा," ती म्हणाली, "चोवीस तास थांबायचं. पुरळ आलं तर नाही. बाई असो का बैल. आणि त्याची जीभ पोचते तिथं काढायचं नाही." आमच्या हौश्याच्या कानामागे तिने स्वतः डाय लावला. तो रवंथ करत उभा होता. पुण्याच्या बायका यापेक्षा जास्त हलतात, असं ती म्हणाली. माझी मुलगी ही गोष्ट ऐकते तेव्हा जनावरांवर असले प्रयोग करू नयेत म्हणून मला झापते. तिचं बरोबर आहे. मी फक्त काय झालं ते सांगतेय.

आता इथे जोडीचं सांगायला हवं. हौश्या एकटा होता. भाऊंची ऐपत एका बैलाची, आणि शेजारच्या हसन आबा मुलाण्यांचीही एकाच बैलाची. त्यांचा पांड्या आणि आमचा हौश्या मिळून एक जोडी. दोघांनी मिळून दोघांची शेतं करायची. याला आमच्याकडे सावड म्हणतात. चाकणच्या बाजारात भाऊ आणि आबा सोबत गेले होते, आणि एकाच्या पाठीला दुसऱ्याची पाठ लावून, शिंगांना शिंगं लावून, दोन सारखे पांढरे बैल मिळेपर्यंत तीनदा रिकाम्या हाताने परत आले होते. जोडी अशी जुळली होती की नवखा माणूस नावं उलटी घ्यायचा. आबांना त्याचा फार अभिमान. आबा बोलायचे कमी. आदल्या हिवाळ्यात त्यांची बायको, जैतून मावशी, गेली होती, तेव्हापासून तर आणखी कमी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी हौश्याच्या एका अंगावर चित्र काढलं. उजव्या बाजूला, पाठीच्या कण्यापासून खाली, बरगड्या दिसतात तिथवर. माशाने गाव गिळलं होतं, माझ्या बैलाने काय गिळलं? हौश्या खादाड होता, सगळ्या गावाला माहीत होतं. मी त्याने वर्षभरात खाल्लेलं सगळं त्याच्या पोटात काढलं. आमचं कॅलेंडर, चैत्रापासून आषाढापर्यंत. भाऊंच्या लग्नातल्या कोटाची बाही. माझी गणिताची वही, जिच्याबद्दल गुरुजींचा अजून विश्वास बसला नव्हता. आत्याची ओढणी. निवडणुकीची पत्रकं, दोन्ही पक्षांची. अर्धा तास डाय सुकू दिला, मग ओढ्यावर नेऊन धुतलं. काळं पाणी वाहून गेलं आणि खाली चित्र राहिलं. आई ओढ्यावर कपडे धूत होती. ती जवळ येऊन बघत राहिली आणि म्हणाली, "कॅलेंडरवर गॅसची तारीख लिवली व्हती, ती काढली न्हाईस." हे मला आजवर मिळालेलं सगळ्यात मोठं कौतुक आहे.

पोळ्याला सर आली. सगळ्या गावाचे बैल गुलाबी-हिरवे होऊन वाहून गेले. आमचा हौश्या तसाच. लोक रांग मोडून बघायला आले. पत्रकं ओळखून दोन्ही पक्षांची माणसं हसली. कान्ह्याहून आलेल्या एका पाहुण्याने फोटो काढला. मी बैलाच्या बाजूने अशी चालत होते की जणू बैल माझ्यामागे आलाय. आणि माझं लक्षच नव्हतं की हौश्याच्या खांद्याला खांदा लावून पांड्या चालतोय, पांढराफटक, अंगावरचे ठसे धुऊन गेलेला, आणि त्याची दोरी धरून आबा.

"आबा, तुमचा छापायचा राहिला का?" कुणीतरी म्हणालं.

"कोरा ठेवलाय. हिशोब लिवायला व्हईल," दुसरा म्हणाला.

"जोडी फुटली म्हनायची."

आबांनी मारुतीच्या देवळापाशी पांड्याला रांगेतून बाहेर काढलं आणि माघारी नेलं. मिरवणूक अर्धी व्हायची होती. भाऊ त्यांच्यामागे दोन पावलं गेले आणि थांबले, कारण हौश्याची दोरी त्यांच्या हातात होती आणि बघणारी माणसं त्यांना पुढे ढकलत होती. संध्याकाळी आई पुरणपोळ्या घेऊन मुलाण्यांच्या दारी गेली. आबांनी ताट घेतलं, रिकामं करून परत दिलं आणि म्हणाले, "दामूला सांग, माजा बैल माज्या दारात ऱ्हाईल आता." दामू म्हणजे भाऊ.

बाहेरच्याला यात काय मोठं ते कळायचं नाही. एका बैलाने गाडी चालत नाही, नांगर चालत नाही. तीन आठवड्यांत इंद्रायणी, म्हणजे आमचं भात, कापायला येणार होतं. भात शेतात पडून राहिलं आणि उशिराच्या पावसाने गाठलं की संपलं. दोन्ही घरांचं संपलं. पण भाऊंना भाताचं बोलताना मी ऐकलं नाही. ते जेवताना एवढंच म्हणाले, "चाकनवरनं तीनदा मोकळं आलतो आमी." मला म्हणाले नाहीत, ताटातल्या भाताला म्हणाले. मी त्या रात्री ठरवलं की हे चित्र घालवायचं.

पुढचे आठ दिवस मी हौश्याला धुतला. रिठ्याने धुतला, शिकेकाईने धुतला, ताकाने धुतला, ते तो चाटत राहिला. भांड्यांच्या राखेने घासला. गावातली लहान पोरं ओढ्यावर रांगेने बसून बघायची. चित्र जास्तच उठून दिसायला लागलं, कारण भोवतालचा बैल आणखी पांढरा झाला. रविवारी आत्या आली, तिने पर्समधून ब्लीच काढलं आणि कोटाच्या बाहीवर थोडं लावलं. बाही तांब्यासारखी लाल झाली. आत्या मागे सरून बघत म्हणाली, "डाय जात नाही म्हणून तक्रार घेऊन आलेलं हे माझं पहिलं गिऱ्हाईक." मग माझ्याकडे बघून ती हसायची थांबली. "अलके," ती म्हणाली, "हे केस झडतील तेव्हाच जाईल. तू बैल धुणं सोड आणि माणसाकडं जा."

भाऊ दाराशीच होते. ते म्हणाले, "हौश्याला घेऊन जा. त्यांनी नीट बघितलंबी न्हाई अजून."

सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. आबा पायरीवर बसून दोर वळत होते. मी हौश्याला घेऊन आत शिरले तर पांड्या दावणीला होता, त्याने मान लांब केली, हौश्या मला ओढतच त्याच्याकडे गेला आणि दोघं एकमेकांची मान चाटायला लागले. आठ दिवसांचं भांडण त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी पाठ करून आणलेलं बोलायला सुरुवात केली. चुकलं, माफ करा, परत असं करणार नाही. आबांनी दोरावरून नजर उचलली नाही.

"काय काढलंय त्यावर?"

मला वाटलं रागाने विचारतायत. पण ते थांबून राहिले. तेव्हा लक्षात आलं की आठ दिवसांत हे मला कुणीच विचारलेलं नाही. सगळे आपापलं ओळखून हसून गेले होते. मी एकेक दाखवायला लागले. हे कॅलेंडर. ही वही. ही पत्रकं. ही कोटाची बाही, ती आता लाल झालीय. आबा उठून जवळ आले.

"ह्यो टावेल?"

"तुमचाच आबा. गेल्या उन्हाळ्यात वाळत घातलेला."

"मी लोकास्नी चोर म्हनत बसलो," आबा म्हणाले. त्यांचं बोट पुढे सरकलं. हौश्याच्या खांद्यामागे, कण्याच्या अगदी खाली, मी एक कुंपण काढलं होतं आणि कुंपणावरून आलेला एक हात. हातात भाकरी. हौश्याच्या खाण्यातली ती एकच गोष्ट चोरीची नव्हती. ती रोजची होती. जैतून मावशी सकाळी पहिली भाकरी कुंपणावरून आमच्या बैलाला द्यायची आणि दुसरी स्वतःच्या. आपला कुठं जातोय, म्हणायची.

"ह्यो कुनाचा हात?"

"मावशीचा."

आबा वाकले. मला त्यांच्या डोक्यावरच्या टोपीची शिवण तेवढी दिसत होती.

"उजवा हाय," ते म्हणाले.

"व्हय."

"ती डावरी व्हती."

हे मला माहीत होतं. रोज पाहिलेलं होतं. पण देताना हात उजवाच काढायचा असतो, घास डाव्या हाताने कुणी देत नाही, असं माझ्या बोटांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, जसे डोंगर त्रिकोणी ठरवले होते तसंच. मी काहीतरी पुटपुटले, की तो जास्त बरा दिसतो.

"माज्या आईनं तिच्या हातावर उलथनं मारलं," आबा म्हणाले. "डाव्या हातानं वाढती म्हनून. पावनं आलं की ती हात पदराखाली घ्यायची. मीबी बोललोय तिला. लय बोललोय. म्हनून ती जनावरास्नी द्यायला भाईर यायची. म्हनायची, त्यास्नी उजवं-डावं शिकवायला कोन बसलंय." ते सरळ उभे राहिले. "पूस त्यो."

"पुसत न्हाई आबा. तेच तर सांगतेय. आठ दिस धुतेय."

आबांनी हौश्याकडे पाहिलं, मग दावणीच्या पांड्याकडे. "मंग ह्याच्यावर काढ," ते म्हणाले. "डावा."

आत्याकडे अर्धी पुडी शिल्लक होती. पण ती नियमाला पक्की. पांड्याच्या कानामागे डाय लावून चोवीस तास थांबायचं, त्याला इलाज नाही. आबा त्या दिवशी चार वेळा येऊन पांड्याचा कान उलटा करून बघून गेले. दुसऱ्या दिवशी मी ब्रश घेऊन पांड्याच्या बाहेरच्या अंगाला, लोकांना दिसेल तिथे सुरुवात करणार तोच आबा म्हणाले, "तिकडं न्हाई. आतल्या अंगाला. जू बसल्यावर हौश्याकडं व्हईल त्या बाजूला."

"तिथं कुनाला दिसणार न्हाई, आबा."

"नगं दिसाय."

मी काढायला लागले. आबा माझ्या खांद्यामागे उभे होते, आणि तसा परीक्षक मला नंतर कधी मिळाला नाही.

"बोटं बारीक झाली."

मी जाड केली.

"आनिक. पीठ मळनाऱ्या बाईची बोटं हायती. तू परीची काढतीस."

तो परीचा हात कुठला, ते मला कळलं. तो त्या पुस्तकांतला होता. मी पुस्तकातल्या डोंगरातून सुटले होते आणि पुस्तकातल्या हातात अडकले होते. मी ब्रश ठेवला, डोळे मिटले, कुंपण आठवलं. करंगळी वाकडी होती, जात्यात सापडलेली. मनगटावर एकच हिरवी बांगडी, कारण दुसरी फुटली की महिनाभर नवी यायची नाही. भाकरी ती दोन बोटांत धरत नसे, तळव्यावर ठेवायची, उघड्या, म्हणजे बैलाचे दात लागत नाहीत. मी तसं काढलं. अर्ध्या तासाने धुतलं. पांड्याच्या खांद्यामागे, कण्याच्या खाली, तळवा पुढे करून हात आला.

आबा म्हणाले, "बरंय." मग म्हणाले, "भाकरी जरा करपली." आणि पायरीवर जाऊन दोर वळत बसले.

मी पुढे मोठी चित्रकार झाले असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी तळेगावात एका कार्यालयात नोकरी करते. रविवारी आमच्या सोसायटीतल्या मुलांना घेऊन पार्किंगमधल्या गाड्यांच्या सावल्यांभोवती खडूने रेघा ओढते, आणि सोमवारी सेक्रेटरी मला नोटीस पाठवतात. मुलं डोंगर काढायला लागली की मी त्यांना बाहेर नेऊन खरा डोंगर दाखवते. तो आता दोन बिल्डिंगच्या फटीतून दिसतो, मुलं तशीच फट काढतात. पण कुणाचा हात काढायचा असला की मी अजून डोळे मिटते, आणि माझ्या मागे कुणीतरी उभं आहे असं मला वाटतं.

भात वेळेवर कापलं गेलं. पहिल्या दिवशी सकाळी आबा पांड्याला घेऊन आमच्या दारात आले. भाऊ चहाचं विचारायला गेले तर म्हणाले, "आदी जुपू." भाऊंनी जू उचललं, दोन्ही बैल जुवाखाली आले. जू खांद्यावर बसलं तेव्हा मी बाजूला उभी होते. बाहेरून बघणाऱ्याला डावीकडून एक कोरा बैल दिसत होता आणि उजवीकडून पोटात कॅलेंडर असलेला. मधलं काही दिसत नव्हतं. ते फक्त गाडीवर पुढे बसणाऱ्याला दिसायचं.

गाडी नेहमी भाऊ हाकायचे. आबांना बसून हाकायचा कंटाळा, ते मागून चालत यायचे, चाकात काही अडकतंय का बघत. त्या वर्षी आबांनी दोन्ही घरांचं सगळं भात स्वतः वाहिलं. भाऊंना एकही खेप दिली नाही. दोन-तीनदा भाऊ म्हणाले, "आबा, दमला असाल, द्या इकडं," तर आबा म्हणायचे, "बस रं दामू, चाल तू मागनं." भाऊ मागून चालायचे. पेंढ्यांनी भरलेली गाडी समोर, तिच्यापलीकडे आबांची नुसती टोपी, आणि बैल इतक्या सावकाश चाललेले की भाऊंना चालताना मध्येमध्ये थांबावं लागायचं.